कल्हईआडचं तांबं

'कळकणे' हे क्रियापद मराठीतून हळूहळू निघून चाललं आहे. पन्नाशीच्या पुढच्या लोकांना ते अजून आठवेल. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचं सार राहिलं की त्यावर हिरवट छटा येई, जिभेला चरचरणारी, मळमळ आणणारी चव येई. घरातली म्हातारी बोटाचं टोक जिभेला लावून निकाल देई, "कळकलंय, ओतून टाका." रसायनशास्त्राचं एक आख्खं प्रकरण या शब्दात मावलेलं आहे. आम्ल धातूवर बसतं, तांबं सुटतं आणि अन्नात उतरतं. म्हातारीला हे सूत्र माहीत नव्हतं, पण क्रियापद माहीत होतं.

मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला. शरीरशास्त्र शिकलेला नाही. तरीही या विषयावर बोलायचं कबूल केलं, कारण तांब्याशी आमच्या घराचं जुनं नातं आहे. माझे थोरले मामू कल्हईवाले. आम्ही मांजरी बुद्रुकचे. मामूंची फेरी हडपसर, मुंढवा, लोणी, थेऊर अशी सायकलवर चाले. कॅरियरला भाता, कोळशाची पिशवी, नवसागराची पुरचुंडी आणि कथलाच्या कांड्या. गावात शिरलं की "कल्हईऽऽ" अशी आरोळी. झाडाखाली खड्डा खणायचा, त्यात कोळसा पेटवायचा, भाता जमिनीत पुरून त्याचं तोंड विस्तवाकडे काढायचं. भांडं तापलं की नवसागर भुरभुरायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठे, नाक झोंबे. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील एका फेऱ्यात आतून फिरवायचं. काळंतांबडं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. चर्र करून पाण्यात बुडवलं की काम झालं. माइकसमोर तो 'चर्र' काढून दाखवता येत नाही, पण ज्यांनी ऐकलाय त्यांच्या कानात तो आता वाजला असेल.

मामू एक गोष्ट नेहमी सांगत. बायका ताकाचं, आमटीचं, भाताचं भांडं कल्हईला काढून देत. दुधाचं पातेलं मात्र बहुतेक घरांतून बाहेर येतच नसे. दूध काही आंबट नसतं, ते कळकत नाही, मग त्याला कल्हईचे पैसे कशाला? हिशोब बरोबरच होता. जीभ जे सांगत होती त्यावर तो बेतलेला होता.

या हिशोबात एक खोट होती, आणि ती शोधून काढायचा मान आपल्या पुण्याकडे जातो. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात. पुण्याच्या इतिहासावर बोलताना आपण शनिवारवाडा, लकडी पूल, पानशेत इथंच थांबतो. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा एक आजार होता. मूल चिडचिडं व्हायचं, अंगात बारीक ताप राहायचा, पोट फुगायचं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं की यकृत दगडासारखं लागायचं, त्याची कड धारदार. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत सगळं संपायचं. वैद्यकीय ग्रंथांत त्याची पहिली नोंद १८८०च्या दशकातली, कलकत्त्याची. पुढे त्याचं नावच 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असं पडलं. जणू हा आपल्या देशाच्या मातीतच उगवणारा रोग. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुलं जायची. जुन्या घरांमध्ये "आमची दोन लिव्हरनं गेली" असं वाक्य ऐकू यायचं, आणि त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोलत नसे.

कारण कुणालाच सापडत नव्हतं. विषाणू असेल, शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष असेल, रक्तातच दोष असेल, असे तर्क झाले. आनुवंशिकतेच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम दिसत होता, कारण रोग ठरावीक घरांत, ठरावीक जातींत चालत होता. खेड्यातल्या मध्यमवर्गीय हिंदू घरांत तो जास्त, मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत क्वचित. अगदी गरीब घरांत, जिथे आईच्या दुधाशिवाय बाळाला दुसरं काही मिळायचं नाही, तिथेही कमी. मग रक्ताचाच दोष म्हणायचा, दुसरं काय? पण घराण्यात रक्त चालतं तसं भांडंही चालतं. सासूचं पातेलं सुनेकडे येतं. आमच्या घरी तांब्याची पातेली आणि देगच्या होत्या, पण त्या बिनकल्हईच्या वापरायच्या नाहीत हा दंडक होता. आणि मामूच कल्हईवाले म्हटल्यावर अम्मीला पैसेही पडत नसत! बाकीची भांडी ॲल्युमिनियमची.

१९७८ साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींमध्ये तपकिरी-काळे कण दिसले. तांब्याला धरून बसलेल्या प्रथिनाचे ते कण होते. पुढच्याच वर्षी यकृतातलं तांबं प्रत्यक्ष मोजलं गेलं. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम वाळलेल्या भागात ते पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांमध्ये ते कित्येकशे, पुष्कळदा हजाराच्या पुढे होतं. या कामात इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर आणि पुण्याच्या के.ई.एम.चे डॉ. आनंद पंडित दोघेही होते. आता प्रश्न उरला की एवढ्या लहान जिवात एवढं तांबं आलं कुठून?

उत्तर शोधायला प्रयोगशाळेतून उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. के.ई.एम.च्या डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि टॅनर यांनी आजारी मुलांच्या आयांना विचारलं, तशाच वयाच्या निरोगी मुलांच्या आयांनाही विचारलं. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? तापवल्यावर कशात ठेवलं? आजारी मुलांच्या घरी उत्तर पुन्हा पुन्हा एकच येई. वरचं दूध लवकर सुरू केलेलं, आणि ते पितळी भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं. १९८३ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्रयोगांत असं दिसलं की दुधातलं केसीन हे प्रथिन पितळेतल्या तांब्याला अक्षरशः ओढून घेतं आणि धरून ठेवतं. साध्या पाण्यात तांबं फार उतरत नाही, दुधात उतरतं. चव मात्र बदलत नाही, रंगही बदलत नाही. दूध कळकतं, पण कळू देत नाही. मामूंच्या गिऱ्हाईक बायांची जीभ आणि हिशोब इथे फसले होते.

सल्ला एवढाच होता की बाळाला आईचं दूध द्या आणि वरचं दूध पितळेत ठेवू नका. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये तो पोचवला गेला. शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन नावाचं औषधही देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष १९८७ साली आले. फार उशिरा आलेली मुलं त्यानंही वाचली नाहीत. लवकर आलेल्यांपैकी काही वाचली आणि मोठी झाली. १९९०च्या दशकात हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. सगळी गाठ सुटली असं मात्र नाही. पितळेचा संबंध नसतानाही तशीच आजारी पडलेली मुलं नोंदली गेली आहेत. म्हणजे काहींच्या शरीरात तांबं पेलण्याची ताकद जन्मापासूनच कमी असावी, आणि भांडं हे वरचं निमित्त.

'इंडियन' या नावाचंही पुढे काय झालं पाहा. १९९६ साली ऑस्ट्रियातल्या टायरॉल या डोंगरी भागातून बातमी आली. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं हुबेहूब अशाच आजारानं गेली होती. आल्प्सच्या कुशीतली ती गोरी बाळं. तिथे गाईच्या दुधात पाणी-साखर घालून ते तांब्याच्या भांड्यात उकळत. भांडी बदलली, आजार थांबला. ज्याला शंभर वर्षं आपल्या रक्ताचा दोष म्हटलं गेलं, तो दोन खंडांतल्या दोन चुलींवर एकसारखाच शिजत होता.

आता तांब्याच्या स्वभावाकडे वळू. मांजरीच्या आसपास हा स्वभाव पाहायला लांब जावं लागत नाही. सोलापूर रस्त्याला मांजरी फार्मवर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ सालापासूनचं. द्राक्षवाल्याला मोरचूद म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मोरचूद आणि चुना मिळून बोर्डो मिश्रण, केवडा रोगावरचा जुना उतारा. त्याची जन्मकथा मोठी गमतीची. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरू तोडून खात, म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद-चुन्याचा निळा लेप फासला. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या या वेलींवर केवडा नाही. १८८५ साली त्यांनी तो उपाय जाहीर केला. चोरांसाठी लावलेलं बुजगावणं बुरशीलाच भ्यायला लावून गेलं.

बुरशी का मरते? तांब्याच्या अणूला एक इलेक्ट्रॉन देणं आणि परत घेणं फार सोपं जातं. त्या देण्याघेण्यातून ऑक्सिजनचे अर्धवट, मोकाट तुकडे तयार होतात आणि ते समोर येईल त्याला, पेशीच्या पापुद्र्याला, प्रथिनाला, जनुकाला, चावतात. लोखंडाचंही तसंच. ही जोडी नसती तर आपण श्वास घेऊ शकलो नसतो, कारण पेशीतली ऊर्जेची भट्टी याच देण्याघेण्यावर चालते. तीच जोडी मोकळी सुटली तर भट्टीबाहेर ठिणग्या उडतात. डॉक्टर मंडळी याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. मला विचाराल तर हा आतून चढणारा गंज आहे.

म्हणून शरीर तांब्याला कधी मोकळं सोडतच नाही. आतड्यातून आलं की एक प्रथिन त्याला हाताला धरतं, ते दुसऱ्याकडे देतं, दुसरं यकृतातल्या पंपाकडे, तिथून काही रक्तातल्या निळसर सेरुलोप्लाझ्मिनमध्ये बसवलं जातं आणि जास्तीचं पित्तावाटे बाहेर. १९९९ साली शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशीचा हिशोब मांडला, तेव्हा एका पेशीत सरासरीनं मोकळा असा तांब्याचा एक अणूही सापडू नये असं उत्तर आलं. सगळं तांबं कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात. शरीर आयुष्यभर आतून कल्हई करत असतं, असं मला हे वाचल्यापासून वाटत आलं आहे.

ही आतली कल्हई ज्यांच्यात जन्मतःच होत नाही, त्यांची कहाणी १९१२ साली लिहिली गेली. लंडनचे डॉक्टर किनिअर विल्सन यांनी तरुण रुग्णांचं वर्णन केलं. हात थरथरतात, बोलणं अडखळतं, अंग आखडतं, चेहऱ्यावर एक विचित्र हसू गोठून राहतं. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या खोलवरच्या गाठी झिजलेल्या, आणि यकृत मात्र कडक, सुरकुतलेलं. ज्याचं पोट कधी दुखलं नाही त्याचं यकृत असं का, हे विल्सनना उलगडलं नाही. त्याआधी दहाएक वर्षं कायझर आणि फ्लायशर या जर्मन डॉक्टरांनी काहींच्या बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडं पाहिलं होतं. ते तांब्याचं कडं आहे हे समजायला फार वेळ गेला. या रुग्णांच्या मेंदूत आणि यकृतात तांबं साठलेलं असतं हे कमिंग्ज यांनी १९४८ साली पक्कं केलं. मग औषध? दुसऱ्या महायुद्धात विषारी आर्सेनिक वायूवर ब्रिटननं एक उतारा तयार केला होता, तो १९५१ साली या रोग्यांना टोचून पाहिला. तांबं बाहेर येऊ लागलं, पण ते इंजेक्शन भयंकर दुखायचं. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन आणलं, पोटात घ्यायचं. आधी ते त्यांनी स्वतः घेऊन पाहिलं होतं! के.ई.एम.मध्ये पुण्याच्या बाळांना दिलेलं औषध ते हेच. पुढे जस्ताचे क्षार वापरात आले; ते तांब्याला आतड्यातच अडवतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. एकाच धातूच्या पोटात रोग आणि उतारा शेजारी बसलेले, हा योग एखाद्या उर्दू शायराला सुचला असता तर त्याला दाद मिळाली असती. अर्थात म्हणून कुणी पितळी भांडं चाटायला जाऊ नये.

आपल्याकडे या रोगाचा पहिला मोठा अभ्यास मुंबईत झाला. जे.जे. रुग्णालयात डॉ. दारब दस्तूर मेंदूचे विकृतिशास्त्रज्ञ होते आणि डॉ. नोशीर वाडिया मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६८ साली १६ कुटुंबांतल्या विल्सन रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण नव्हे, कुटुंबं मोजली, हे लक्षात घ्या. आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच हा रोग होतो. एकट्याकडून आलं तर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. ते जनुक १९९३ साली सापडलं, यकृतातल्या त्याच तांबं उपसणाऱ्या पंपाचं. साधारण तीस हजारांत एकाला हा आजार होतो असं धरतात. पण नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असतील तर तेच जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते.

इथे मला स्वतःच्या घरातलं सांगणं भाग आहे. माझ्या खालांचं लग्न त्यांच्या चुलतभावाशी झालं. त्यांचा मुलगा दहावीत असताना, १९८६च्या सुमाराला, त्याचं अक्षर बिघडलं. मोत्यासारखं अक्षर होतं पोराचं. मास्तर म्हणाले, लक्ष नाही. मग जेवताना घास सांडायला लागला, बोलताना लाळ यायला लागली, मधूनच उगाच हसायचा. घरच्यांनी ताईत बांधला. शेजाऱ्यांनी सुचवलेला देवऋषीही झाला. अशा वेळी कोण कुणाचा देव विचारत नाही. एका डॉक्टरनं वेडाच्या गोळ्या दिल्या, त्यानं तो आणखी ताठ झाला. दोन वर्षं गेली. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला म्हणून नेला, तर डोळ्यांच्या डॉक्टरनं बुबुळाकडे बघता बघता यंत्र बाजूला सारलं आणि विचारलं, "याच्या आईवडिलांचं एकमेकांशी आधीपासून नातं आहे का?" ते कडं त्यांनी पुस्तकात पाहिलेलं होतं, बस्स.

औषध सुरू झाल्यावर पहिले काही महिने थरथर वाढलीच. या औषधानं काहींचं तसं होतं. खाला रोज म्हणायच्या, बंद करू या. बंद केलं नाही. वर्षभरानं तो सही करू लागला. आज तो पन्नाशीच्या घरात आहे, हडपसरला दुकान चालवतो, दिवसातून ठरलेल्या वेळी उपाशीपोटी गोळ्या घेतो आणि मरेपर्यंत घेणार आहे. त्याच्या धाकट्या बहिणीला काहीच त्रास नव्हता, तरी डॉक्टरांनी तिला तपासायला लावलं. तिच्यातही निघालं. तिला गोळ्या सुरू झाल्या आणि तिचा हात कधी थरथरलाच नाही. एका रुग्णामागे सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला चारात एक इतका धोका असतो. आणि लक्षणांआधी धरला तर हा रोग जवळपास बिनविषारी करता येतो. आमच्यात चुलत, मावस भावंडांची लग्नं होतात. महाराष्ट्रातल्या कित्येक हिंदू जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. या बाबतीत आपण सगळे एकाच बोहल्यावर उभे आहोत. नात्यात लग्न करूच नका असं सांगायला मी आलेलो नाही, माझं कुणी ऐकणारही नाही. पण घरात एका तरुणाला असं काही निघालं तर बाकीच्या भावंडांना तपासून घ्या, एवढं तरी ऐकावं.

विल्सनच्या रोगात हा धडा इतका सरळ मिळाला, की धातू काढा आणि माणूस सुधारेल, म्हणून शास्त्रज्ञांना मोठ्या रोगांतही तोच मार्ग दिसू लागला. मोठे म्हणजे विसरभोळेपणाचा अल्झायमर आणि कंपवाताचा पार्किन्सन. १९०६ साली जर्मनीत आलोइस अल्झायमर यांनी एका मृत बाईच्या मेंदूत गोळे आणि गुंते पाहिले. १९१२ साली, विल्सनच्याच वर्षी, लेवी यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या पेशींत गोल पिंड पाहिले. हे सगळे प्रथिनांचे गठ्ठे. प्रथिन म्हणजे घडी घातलेला लांब धागा. घडी नीट बसली तर काम करतो, बिघडली तर शेजारच्या धाग्याला चिकटतो, मग तिसरा येऊन चिकटतो. अल्झायमरच्या गोळ्यांतलं प्रथिन १९८४ साली ओळखलं गेलं, कंपवाताच्या पिंडांतलं १९९७ साली. आणि गंमत अशी की पुण्याच्या त्या बाळांच्या यकृतातही प्रथिनांचे असेच गठ्ठे भरलेले असायचे.

मग गठ्ठ्यांत धातू सापडू लागले. अल्झायमरच्या गोळ्यांत तांबं, जस्त, लोखंड. कंपवातात मेंदूतला जो काळा पट्टा झिजतो त्यात लोखंड वाढलेलं. मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. गंज चढायला यापेक्षा सोयीची जागा नाही. धातूमुळे मेंदू बिघडतो याचा पुरावाही जुना होता. १८३७ साली ग्लासगोच्या कारखान्यात मँगनीज दळणारे कामगार कंपवातासारखे आखडले होते. आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्यात मँगनीजच्या खाणी; दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली माकडांवर प्रयोग करून दाखवलं की मँगनीज इतर अवयवांतून निघून जातं, मेंदूतून मात्र फार सावकाश. ॲल्युमिनियमवरही संशय घेतला गेला, आणि ज्या बायकांनी पितळ टाकून जर्मनची पातेली घेतली त्यांना पुन्हा भीती घातली गेली. पातेल्यामुळे अल्झायमर होतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

२००३ साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी ३६ अल्झायमर रुग्णांवर क्लिओक्विनॉल वापरून पाहिलं. हे नाव नवं वाटेल, औषध मात्र आपल्या ओळखीचं. जुलाब लागले की घराघरांत मेक्साफॉर्मची गोळी घेतली जायची ना, त्यातलं ते एक. ते तांबं-जस्त धरतं. पण जपानमध्ये याच औषधानं दहा हजारांवर लोकांच्या पायातली शक्ती आणि डोळ्यांतलं तेज गेलं, आणि १९७० साली तिथे ते बंद करावं लागलं होतं. मुंबईतून वाडियांनी १९७७ साली या विकाराविषयी लिहिलं आहे. मेलबर्नच्या छोट्या प्रयोगात थोडी आशा दिसली. त्याच्या धाकट्या भावंडाच्या चाचणीतून मात्र २०१४ साली हाती काही लागलं नाही.

कंपवाताचा निकाल तर उलटाच लागला. नुकतंच निदान झालेल्या ३७२ रुग्णांच्या मेंदूतलं लोखंड डेफेरिप्रोन या औषधानं काढायचा प्रयत्न युरोपात झाला, २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले. लोखंड कमी झालं, पण औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. एक स्पष्टीकरण असं देतात की हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामाइन बनवायला मेंदूला तेच लोखंड लागतं. म्हणजे चोर समजून ज्याला बाहेर काढलं तो घरचा कारभारी निघाला.

मला स्वतःला यात फरक असा दिसतो की विल्सनमध्ये आणि पितळी दुधात धातू हा मूळ गुन्हेगार होता. अल्झायमर-कंपवातात तो घटनास्थळी सापडलेला आहे, एवढंच आज नक्की. आग लागलेल्या वाड्यात घडा सापडला म्हणून घड्यानं आग लावली असं होत नाही. तज्ज्ञांमध्ये यावर अजून वाद आहेत आणि ते त्यांनी घालावेत. 'शरीरातले जड धातू काढून देतो' अशा पाट्या मात्र आता गल्लोगल्ली दिसतात. त्यांच्या दारात जाण्याआधी कंपवाताच्या घरच्यांनी २०२२चा हा निकाल कुणा जाणत्या डॉक्टरकडून समजून घ्यावा.

आणि तांब्याच्या बाटल्या. लग्नात, सत्कारात, निवृत्तीला हल्ली नारळाच्या जोडीला तांब्याची बाटली येते. माझ्याकडेच चार जमल्यात, कवीला दुसरं देणार काय! रात्रभर पाणी ठेवायला त्यात काही वावगं नाही. तांब्यात काही जंतू मरतात हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरला दोन मिलिग्रॅम ही तांब्याची मर्यादा घातलेली आहे, आणि साधं स्वच्छ पाणी साधारणपणे तिच्या आत राहतं. लिंबू पिळून ठेवू नका, ताक नको, आणि बाळाचं दूध तर मुळीच नको. माझ्या मावसभावाला अशी बाटली मिळाली होती. त्यानं तिच्यात मनीप्लांट लावलाय.

पुण्यातून हा बाळांचा रोग गेला, त्याचं श्रेय के.ई.एम.च्या सल्ल्याचं किती आणि स्टीलच्या स्वस्त पातेल्यांचं किती, याचं माप काढणं अवघड आहे. दोन्ही गोष्टी एकाच काळात गावागावांत पोचल्या. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोक्यांचा आवाज येतो, पण आता तिथे घडणारे बरेचसे हंडे आणि घंगाळी दिवाणखान्यात शोभेला ठेवण्यासाठी जातात. मामूंची फेरी १९८९ साली थांबली. शेवटच्या वर्षी थेऊरला अख्ख्या दिवसात तीन भांडी आली, तिन्ही लग्नाच्या पंगतीची. भाता त्यांनी एका लोहाराला देऊन टाकला, आणि उरलेल्या कथलाच्या कांड्या बरीच वर्षं अम्मीच्या फडताळात डाळींच्या डब्यामागे पडून होत्या.